अण्णांचा खरा वाढदिवस आणि हैदराबाद रोड

अण्णांच्या प्रत्येक कागदावर जन्मतारीख १ जून १९४२ अशी आहे. शाळेचा दाखला, गिरणीचं कार्ड, रेशनकार्ड, आता आधार, सगळीकडे तीच. त्यांच्या वयाच्या माणसांत १ जूनवाले गल्लोगल्ली सापडतात. पोराचं नाव शाळेत घालायला आईबाप जायचे तेव्हा तारीख कुणालाच ठाऊक नसायची, आणि गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून पुढच्या पोराकडे वळायचे.

या तारखेबद्दल आमच्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. अण्णांची ऐंशी उलटत आली आणि धाकट्या भावाने सहस्रचंद्रदर्शनाचा विषय काढला, तेव्हा मोठ्या आत्याने हरकत घेतली. हजार पौर्णिमा मोजायच्या तर खऱ्या जन्मापासून मोजा, असं तिचं म्हणणं.

"हा जूनचा कुठला? हा होमाचा. होमाच्या रात्री झाला हा. आई म्हणायची, शुक्रवार होता."

"आणि साल?"

"युद्ध चालू होतं बघ. साखर मिळत नव्हती."

सोलापूरकराला 'होमाचा' म्हटलं की महिना-तिथी वेगळी सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला धरून असते. भोगीला नंदीध्वज शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात, संक्रांतीला तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री होम मैदानावर होम पेटतो. त्याच रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य-गूळ ठेवतात आणि ते काय खातं, बिथरतं की शांत राहतं, यावरून वर्षभराच्या पाऊसपाण्याचा अंदाज सांगतात. सोलापूर हा कायम पावसाची वाट बघणारा जिल्हा आहे, त्यामुळे अर्धं गाव त्या वासराकडे डोळे लावून बसतं. अशा रात्री घरी मूल जन्मलं तर आजी ते विसरणं शक्यच नव्हतं.

म्हणजे दिवस मिळाला, किंक्रांत, १५ जानेवारी. राहिलं साल. दुसरं महायुद्ध सप्टेंबर १९३९ ला सुरू झालं आणि १९४५ ला संपलं. मधल्या सहा संक्रांतींपैकी अण्णांची कोणती, एवढाच प्रश्न होता. पण तो सोडवता सोडवता मी घरातलं सगळंच लिहून काढायला बसले, आणि ते काम अजून चालू आहे.

बाळंतपण घरी झालेलं, त्यामुळे जन्मनोंद सापडली नाही. मग वही घेऊन आत्यासमोर बसले. आत्या अठ्ठ्याऐंशीच्या घरातली, डोकं लख्ख, पण वही बघितली की अंग चोरायची. "मला काय आठवतंय आता. तू हे कशाला लिहून घ्यालालीस?" फोनवर रेकॉर्डिंग लावलं तर त्या फोनकडेच बघत बसायची. 'कोणत्या साली' हा प्रश्न तर तिच्यासाठी निरर्थक होता. तिच्या डोक्यात साल आकड्यांनी लागलेली नाहीत. मार्शल लॉ, युद्ध, रझाकार, जुनी गिरणी बंद पडली ते वर्ष, बहात्तरचा दुष्काळ, भूकंप, असा तिचा क्रम आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे घरातली लग्नं, बाळंतपणं, मयती लावलेल्या आहेत.

काम पुढे सरकलं ते हुरड्यामुळे. डिसेंबरात बोरामणीजवळ भावाच्या मित्राच्या रानात गेलो होतो. हैदराबाद रोडला लागून शेत. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली. अण्णा अजूनही भाजलेलं कणीस दुसऱ्या कुणाला चोळू देत नाहीत. निखाऱ्यातून काढलं की राख झटकायची, दोन्ही तळव्यांत धरून एका दमात फिरवायचं, हात पोळला तरी थांबायचं नाही, मग तळहातावरचा कोंडा फुंकरीने उडवायचा. उरतात ते हिरवे, ओलसर, दुधाळ दाणे, ते शेंगाचटणीत घोळवून थेट तोंडात. आम्ही सगळे आगटीभोवती बसलो होतो आणि आत्या मात्र पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होती.

"इथनंच आलो आम्ही," ती म्हणाली. "बैलगाडीतनं. आई, मी आणि गाडीवान. नाका ओलांडला आणि आई रडायला लागली. तोवर रडली नव्हती."

कधी, ते विचारलं नाही. "नाक्यावर कोण होतं?" एवढंच विचारलं. आणि आत्या बोलत सुटली. तेव्हापासून मी वही घरी ठेवून तिला आणि अण्णांना जागेवर न्यायला लागले. तिथे गेल्यावरही साल विचारायचं नाही, हेही ठरवून टाकलं. पाऊस होता का, घरात काय शिजत होतं, तुझ्या कडेवर कोण होतं, असं विचारायचं. कडेवर कोण होतं हा सगळ्यात उपयोगाचा प्रश्न. आत्या थोरली, तिच्या कडेवर दर दोन-तीन वर्षांनी नवं भावंड असायचं, आणि कोणतं होतं ते ती कधी चुकत नाही.

जवळची जागा म्हणून आधी चार पुतळे, म्हणजे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक, गाठला, तोही १२ जानेवारीला. ऐन यात्रेच्या तोंडावर येणारा हा दिवस. १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले. पोलीस गाव सोडून गेले आणि काही दिवस इथे इंग्रजांचं राज्य नव्हतं. १२ मेला मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत चालला. त्या काळात गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं म्हणजे शिक्षेला आमंत्रण होतं.

हे सगळं पुस्तकात आहे. आजीचं त्या वर्षाचं जे होतं ते पुस्तकात नाही. तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. माहेर अणदूरजवळचं खेडं, म्हणजे निजामाची हद्द, आजीच्या भाषेत मोगलाई. तेरा वर्षांची मुलगी मोगलाईतून 'इंग्रजी'त, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत, आली आणि आल्या आल्या गावात पोलीसच नाही अशी अवस्था. आत्याने चार पुतळ्यांपाशी उभं राहून सांगितलं की आजोबांची गिरणीत जायची टोपी आजीने ज्वारीच्या पोत्यात खाली दडवली होती. सोजिर गल्लीत शिरले की ती पोत्यावर जाऊन बसायची. मार्शल लॉ उठल्यावर टोपी काढली तर किड्यांनी खाल्लेली. आजोबांनी ती तशीच, भोकांसकट, पुढे बरेच दिवस घातली.

अण्णांना हे माहीत नव्हतं. अण्णा जन्माने सोलापूरकर, आयुष्य लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या भोंग्यावर गेलं, चार पुतळ्यांवरून हजारदा सायकलने गेले असतील. "मला कुणी कधी सांगितलं नाही," म्हणाले. आत्या म्हणाली, "तू कधी इथं मला घेऊन आलास?"

कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत वावरत, म्हणून आजोबा त्यांचं नाव घ्यायचे तेव्हा कामगार म्हणून घ्यायचे, आपल्यातला एक म्हणून. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

नळदुर्ग ही आमच्या लहानपणीची हक्काची सहल. सोलापूरहून पन्नासेक किलोमीटर, एसटीने सकाळी निघालं की दुपारचे धपाटे किल्ल्यात. श्रावणात बोरी नदीला पाणी आलं की नर-मादी धबधबे सुरू व्हायचे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, नदी अडवून बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाणी दोन सांडव्यांवरून डोक्यावरून कोसळतं आणि आतल्या सज्जात उभं राहिलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी चुना-दगडात हे केलं, आणि भिंत आजही पाणी धरून आहे. लहानपणी आम्ही त्या अंधाऱ्या जिन्याने हात धरून उतरायचो. खाली जाईल तसा आवाज वाढत जातो, एका टप्प्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं आणि दगडातून पायाला थरथर कळते. मग सज्जात आलं की समोर पाण्याचा पडदा. अण्णा दरवेळी तिथे आम्हाला थांबवून म्हणायचे, "आता कुणीही काहीही ओरडा." आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडायचो. गिरणीच्या खात्यात दिवसभर साच्यांच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला तो आवाज का आवडत असेल, हे मला अजून पूर्ण उमगलेलं नाही, पण तिथे ते जेवढे खुश असायचे तेवढे मी त्यांना क्वचित कुठे पाहिलं.

आत्या या सहलींना कधी आली नव्हती. यावेळी ती आली. सज्जापर्यंत उतरणं तिला जमणार नव्हतं, म्हणून वर बांधावर, सावलीला बसवलं. पाणी बेताचंच होतं. तिथून नदीकडे बघत तिने जे सांगितलं, ते तिने तोवर आपल्या मुलांनाही सांगितलेलं नव्हतं.

१९४८ चा उन्हाळा. आजीचे वडील आजारी, म्हणून आजी आत्याला घेऊन माहेरी गेली. अण्णा आजोबांजवळ सोलापुरात राहिले. जाताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडं उघडून दाखवावं लागलं, पैसे बदलून हाली शिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, घ्यावा लागला. गावात वातावरण वाईट होतं. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी आता रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा, पुढारी होता, त्याच्या भाषणांच्या बातम्या खेड्यापाड्यांत पोहोचत होत्या. दुसरीकडे हद्दीलगत सोलापूर जिल्ह्यात स्टेट काँग्रेसची कॅम्पं होती, तिथले लोक रात्री नाके जाळायला येत. आणि दोन्हींच्या मध्ये ही खेडी. पुरुष माणसं रात्री रानात झोपायची.

"एका संध्याकाळी ओरडा झाला, आले आले. आजोबा खाटेवर पडलेले, त्यांना हलवता येईना. शेजारची खाला आली, माझा हात धरला, आईचा धरला, तिच्या घरात नेलं. माझी चोळी काढून तिच्या पोरीची कुडती घातली मला. म्हणाली, कुणी विचारलं तर बोलायचं नाही, मुकी आहे म्हणून सांगीन मी. मी दोन रात्री मुकी होते."

माणसं दारापर्यंत आली. खाला उंबऱ्यात उभी राहिली आणि आत फक्त बायका आहेत, माझ्या घरच्या आहेत, असं सांगून तिने त्यांना परत पाठवलं. नंतर तिच्याच नवऱ्याने गाडी जुंपून दिली. बोरामणीच्या रस्त्याने आत्या आणि आजी सोलापुरात आल्या ती हीच गाडी.

जूनमध्ये अण्णांचं नाव शाळेत घातलं. सप्टेंबरात फौज आली. हे अण्णांनाही आठवतं, त्यांची पहिली आठवण हीच. रात्रभर ट्रकांची घरघर, सकाळी रस्त्यावर रणगाड्यांच्या पट्ट्यांचे ठसे, आणि त्या ठशांत पावलं टाकत चालायचा पोरांचा खेळ. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरींची मुख्य फौज सोलापूरहून याच हैदराबाद रोडने निघाली. पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल निजामाच्या सैन्याला उडवता येण्याआधी हाती आला, म्हणून पुढचा रस्ता मोकळा झाला. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. आम्ही ज्या पुलावरून दरवर्षी धपाट्यांचे डबे घेऊन जायचो त्याच जागेवरच्या लढाईने मराठवाडा भारतात यायला सुरुवात झाली, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"मग खाला?" मी विचारलं.

दिवाळीनंतर आजी माहेरी गेली तेव्हा आत्या सोबत होती. आता नाका नव्हता, गाठोडं कुणी उघडलं नाही. खालाच्या घराला दार नव्हतं. चौकटीसकट काढून नेलेलं. आत चूल होती, बाकी काही नव्हतं. खाला, तिचा नवरा, पोरगी, कुणाचाच पत्ता नाही. कुणी म्हणालं उमरग्याकडे गेले, कुणी म्हणालं गुलबर्ग्याला. कुणी काहीच म्हणालं नाही आणि मान खाली घातली. आजीने गावातल्या लोकांना काय विचारलं ते आत्याला ऐकू आलं नाही, पण परतताना आजी नाक्याच्या जागेपाशी पुन्हा रडली.

पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात फिरून अहवाल दिला. पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या त्या लष्करी कारवाईच्या, वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. अहवाल कित्येक दशकं जाहीर झाला नाही. मी तो पुढे वाचला, पण त्या दिवशी बांधावर मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन होतो, आणि तो व्हायलाच हवा. रझाकारांनी जाळलेल्या गावांची, त्यांना तोंड देताना मेलेल्या माणसांची ती किंमत आहे. पण माझ्या मते त्याच महिन्यात त्या दार नसलेल्या घराचीही आठवण काढायला हवी. आत्या आज आहे ती खालाच्या उंबऱ्यामुळे. आत्याने हे इतकी वर्षं का सांगितलं नाही, ते मी विचारलं. ती म्हणाली, "आईने सांगितलं होतं, सोलापुरात बोलू नकोस. दोन्ही बाजूंची माणसं राहतात इथं."

खाली अण्णा एकटेच सज्जापर्यंत जाऊन आले होते. त्यांना हे वर आल्यावर सांगितलं. ते आत्याशेजारी बसले आणि बराच वेळ तिचा हात धरून होते. अण्णा असे हात धरणारे नाहीत.

परतताना गाडीत अण्णाच बोलायला लागले. रस्ता तोच होता, म्हणून असेल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा कॉलेजात होते, मला ते नीट आठवतं. फळीवरचे डबे एकामागून एक खाली आले आणि अख्खी चाळ रस्त्यावर. उजाडेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. नंतर किल्लारी, सास्तूर ही नावं यायला लागली, आणि सिव्हिलला जखमींच्या गाड्या. दुपारपर्यंत चाळीतल्या प्रत्येक घरात तवा चढला होता. कडक भाकरी टिकते, म्हणून कडक भाकरीच. पोत्यांत भाकरी, डब्यांत शेंगाचटणी, आणि गिरणी कामगारांनी, यंत्रमागवाल्यांनी गोळा केलेल्या चादरींचे गठ्ठे. अण्णा एका ट्रकबरोबर गेले. नळदुर्ग, उमरगा आणि पुढे सास्तूर. चौथ्या दिवशी आले, आंघोळ करून झोपले आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. आई आम्हाला म्हणायची, विचारू नका.

त्या दिवशी गाडीत म्हणाले, "चादरी आम्ही अंगावर घ्यायला नेल्या होत्या. पहिल्या दिवशी पांघरायला एकही लागली नाही." थोडं थांबून म्हणाले, "मातीची धाब्याची घरं. दगड-मातीच्या भिंती, वर हातभर माती. झोपेत वरनं आलं सगळं. बायका दगडी जात्याला धरून..." पुढचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आठ-दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. अण्णांनी त्यातली किती उचलली हे मी कधीच विचारणार नाही, हे मात्र मी तिथेच ठरवलं. आठवण जागेवर नेली की उघडते, हे मला या कामात कळलं, आणि काही जागी माणसाला नेऊ नये, हेही. आम्ही नळदुर्गच्या पुढे गेलो नाही.

बाकीच्या जागा पटापट झाल्या. हिप्परग्याच्या तळ्यावर आईच्या बाजूच्या आठवणी निघाल्या, बहात्तरच्या दुष्काळाच्या. लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं. माझा जन्म दुष्काळ उठल्यावर पहिल्या पावसातला, एवढं तिथे पक्कं झालं. जुन्या गिरणीच्या आवारात अण्णा फार रमले नाहीत.

शेवटचं काम कागदाचं. अण्णांच्या प्राथमिक शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं. जाड पुठ्ठा, पानं कडेला तपकिरी झालेली, बोरूच्या वळणाचं अक्षर. अण्णांचं नाव, आजोबांचं नाव, धंदा 'गिरणी', आणि दाखल झाल्याचा महिना जून १९४८. आत्याचं म्हणणं तंतोतंत निघालं. रझाकाराच्या वर्षी शाळेत घातला, तेव्हा त्याला पाचवं संपून सहावं लागलं होतं, असं ती म्हणत होती. पाच वर्षं पूर्ण झालेला, सहा न झालेला. म्हणजे १९४३ च्या जानेवारीतला. गुरुजींना सहा पुरी हवी होती, म्हणून त्यांनी साडेसात महिने मागे सरकवून १ जून १९४२ लिहिलं. गणित जुळलं.

तरी आजीचा शुक्रवार राहिला होता. ते घरी येऊन पंचांगावरून पडताळलं. त्या वर्षांत संक्रांत १४ जानेवारीलाच होती, म्हणजे होम १५ ला. १९४२ ला १५ जानेवारीला गुरुवार येतो, १९४४ ला शनिवार. १९४३ ला शुक्रवार.

मी आत्याला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

सहस्रचंद्रदर्शन झालं. अण्णांनी एकच अट घातली होती, की हारतुरे नकोत आणि जेवणात हुरडा हवा, म्हणून ते हिवाळ्यातच केलं. आधार कार्डावर अजून १ जून आहे. ते बदलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आहे, गुरुजींनी लिहिलंय ते राहू दे म्हणाले. भाचरांनी माझी सगळी रेकॉर्डिंग ऐकली आणि दोघांनी ती उतरवून घ्यायला घेतली आहेत. आत्याने त्यातल्या तीन ठिकाणी सुधारणा सांगितल्या, तिन्ही कडेवरच्या पोरांबद्दल.

आता एकच शोध बाकी आहे. खालाच्या पोरीचं वय आत्याएवढंच होतं, आणि तिच्याच कुडतीत आत्याने दोन रात्री काढल्या होत्या. ती असेल तर नव्वदीला टेकली असेल, नसेल तर तिची मुलं, नातवंडं कुठेतरी असतील. आत्याला तिचं नाव, बापाचा धंदा, घराच्या मागे असलेली चिंच, सगळं आठवतं. उमरग्यात जुन्या माणसांना विचारून बघायचं आहे. आत्याला मी नेणार नव्हते, रस्ता लांब, तब्येत अशी. तिने पिशवी भरून ठेवली आहे.